इस्त्रीने लावायचं ठिगळ: फ्यूजिबल अ‍ॅप्लिकची पहिली कोयरी

माझ्या आत्याला ‘अ‍ॅप्लिक’ हा शब्द ठाऊक नव्हता. गोधडी शिवताना लुगडं जिथे विरलं असेल तिथे ती ठिगळ लावायची. ठिगळ लावायचंच आहे तर ते चौकोनीच कशाला, म्हणून कधी त्याला पानाचा आकार द्यायची, कधी कोयरीचा. कापडावर कापड ठेवून शिवायचं, झालं अ‍ॅप्लिक. ओडिशातल्या पिपलीचे चांदवे आणि छत्र्या याच कामाच्या. आत्या मात्र प्रत्येक ठिगळाची कड आत दुमडायची, नखाने दाबायची आणि दिसणार नाहीत अशा टाक्यांनी शिवायची. एका पानाला तिची अख्खी दुपार जायची, आणि तिच्याकडे दुपारी होत्या.

आपल्याकडे इस्त्री आहे. फ्यूजिबल अ‍ॅप्लिकमध्ये कड दुमडायची कटकट नाही. आकाराच्या पाठीला गोंदाची पातळ जाळी इस्त्रीने चिकटवायची, आकार नेमक्या रेषेवर कापायचा, मागचा कागद सोलायचा, खालच्या कापडावर ठेवून पुन्हा इस्त्री करायची आणि शेवटी कडेने टीप किंवा टाका घालायचा. वाचायला चार ओळी आहेत. पण यातलं एक पाऊल जरी मागेपुढे झालं तरी कापड वाया जातं, हे मी स्वतः करून बघितलेलं आहे.

आणि सुरुवातीलाच सांगते, कारण आमच्या सोसायटीतल्या ज्या चौघी रविवारी माझ्या हॉलमध्ये सतरंजी टाकून शिकायला बसतात त्यांना हे दर वेळी सांगावं लागतं: गोंद नुसता धरून ठेवतो, टिकवतो तो दोरा. इस्त्री झाली की आकार इतका घट्ट बसलेला दिसतो की टीप मारायचा कंटाळा येतो. चौकटीत घालून भिंतीवर लावणार असाल तर चालेल. गोधडी अंगावर येते, पायाने ओढली जाते, धुतली जाते. टीप नसेल तर दोन-चार धुण्यांत टोकं वर येतात आणि मग ती पुन्हा बसत नाहीत.

बाजारात काय मागायचं

इथेच निम्म्या जणी अडतात. मीही अडले होते. पुण्याच्या रविवार पेठेतल्या टेलरिंग मटेरियलच्या दुकानात जाऊन मी ऐटीत म्हणाले, “फ्यूजिंग द्या दोन मीटर.”

“ताई, कॉलरला की गळ्याला?”

“गोधडीला.”

दुकानदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि गळ्याला लावायचं काढून दिलं. त्यांची चूक नव्हती. शिंपीकामात फ्यूजिंग किंवा पेस्टिंग म्हणजे कॉलर, कफ, गळा कडक करायला आतून लावतात ते, एकाच बाजूला गोंद असलेलं अस्तर. ते आपल्या आकाराला छान चिकटेल, पण तो आकार खालच्या कापडाला चिकटायचा कसा? दुसरी बाजू कोरडी.

आपल्याला हवी ती दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाळी, जिच्या एका अंगाला कागद असतो. हा कागद दोन कामं करतो: त्यावर आकार काढता येतो, आणि पहिल्या इस्त्रीच्या वेळी गोंद इस्त्रीला लागत नाही. दुकानात ओळखायची खूण सोपी आहे. कागदाच्या उलट बाजूवर बोट फिरवा, खरखरीत किंवा किंचित मेणचट लागतं. कोपरा अलगद सोलला तर कागदापासून गोंदाचा पापुद्रा सुटतो. पापुद्र्याऐवजी कापड किंवा कापडासारखं काही हाताला लागलं तर ते शिंप्यांचं फ्यूजिंग, परत द्या.

ही जाळी पेठेत सगळीकडे मिळत नाही. ऑनलाइन बॉन्डावेब, व्हिलिसोफिक्स, हीट-एन-बॉन्ड अशा नावांनी मिळते. पन्हा लहान असतो, बहुतेक वेळा १७-१८ इंच. हीट-एन-बॉन्ड घेत असाल तर ‘लाइट’ घ्या. त्याचाच भाऊ ‘अल्ट्रा’ जास्त घट्ट चिकटतो, म्हणून नवशिक्यांना तोच चांगला वाटतो. पण तो न शिवायच्या कामासाठी आहे. त्यावर मशीन चालवली की सुई गोंदाने माखते, दोरा तुटतो आणि आपण मशीनला शिव्या देत बसतो. पँटची खालची दुमड बसवायला कागद नसलेली चिकटपट्टी मिळते, ती कडेच्या अरुंद पट्ट्यांना वापरता येते, पण पहिल्या कामाला नको.

कापडाचं सांगते. पाया म्हणून मांजरपाट किंवा पॉपलीन. आकारांसाठी लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरसारखी जागा नाही. टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या कापडाचे, एवढे रंग शेजारी शेजारी दुसरीकडे कुठे मिळायचे नाहीत, आणि वीण घट्ट असल्याने कापलेल्या कडेचे धागे फारसे निघत नाहीत. फक्त सुतीच मागा. मिश्र धाग्याचंही तसंच दिसतं. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून काडी लावा: सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, सिंथेटिक वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. मणी झाला तर गरम इस्त्रीखाली काय होईल ते समजून घ्या. खण कितीही मोहात पाडत असला तरी पहिल्या कामाला घेऊ नका. बाजारातले बरेच खण आता सुती नसतात, आणि कापल्यावर त्याचे धागे असे सुटतात की कोयरीला झिपऱ्या येतात.

अप्पा बळवंत चौकातून पेन्सिल आणि ट्रेसिंगचा कागद आणाल, तेव्हा एक घोळ टाळा. स्टेशनरीच्या दुकानातला ‘बटर पेपर’ आणि केकचं सामान मिळतं तिथला ‘बटर पेपर’ ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिला आकार काढायला. दुसरा, म्हणजे बेकिंगचा, सिलिकॉनचा थर असलेला, त्याला गोंद चिकटत नाही. तो इस्त्रीखाली घालायला हवा. एकीने पहिला दुसऱ्याच्या जागी वापरला. तिच्या कोयरीच्या पाठीवर तो कागद अजून आहे.

बाकी घरात असतंच: बारीक टोकाची धारदार कात्री, टाचण्या, साधी इस्त्री.

कापड आधी धुवायचं

नवं कापड तसंच वापरू नका. त्याला खळ असते, आणि खळीच्या थरावर गोंद नीट धरत नाही. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. पाया आटला आणि गोंद लावलेली कोयरी आटली नाही, की भोवती सुरकुत्या पडतात. तेव्हा आधी धुवायचं, कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव न घालता, कारण त्याचाही थर राहतो. ब्लॉकप्रिंट, लाल, निळं, बांधणी असेल तर ओल्या कापडावर पांढरं फडकं दाबून बघा. फडक्यावर रंग आला तर रंग जायचा थांबेपर्यंत धुवा, नाही थांबला तर ते कापड दुसऱ्या कामाला.

वाळलं की इस्त्री करून ठेवा. कांजी नको.

कोयरी, आणि ती उलटी का काढायची

पहिल्या कामाला १६ इंचांची उशीची खोळ घ्या आणि तिच्यावर एकच मोठी कोयरी, साधारण ७ इंच उंच. फुलं, मोर, नऊवारीतली बाई हे सगळं नंतर. कोयरीच का, तर तिच्यात शिकायचं सगळं आहे: बाहेर फुगलेला वळसा, चोचीखाली आत गेलेला वळसा आणि एक टोकदार टोक. हे तीन जमले की कुठलाही आकार जमतो. मोठ्या कोयरीच्या पोटात एक लहान कोयरी आणि खाली देठ, असे तीन तुकडे पुरेत.

पायाचं कापड १६ ऐवजी १७ इंचांचं कापा. शिवताना कापड थोडं ओढलं जातं. शेवटी मापात कापता येईल.

आता कोयरी साध्या कागदावर काढा आणि तो कागद उलटा करून बाल्कनीच्या काचेवर चिकटवा. उजेडात मागून रेषा दिसतात. त्यावर जाळीचा कागद ठेवा, कागदाची बाजू आपल्याकडे, आणि पेन्सिलीने रेषा उतरवा. उलटं अशासाठी की जाळी कापडाच्या पाठीला लागणार आहे. रेषा काढताना आपण आकाराकडे मागून बघत असतो. सुलट काढला तर शेवटी तो उलटा दिसणार.

कोयरी उलटी झाली तर फार बिघडत नाही, चोच डावीकडची उजवीकडे जाते. अक्षरांचं तसं नाही. भाचीच्या बाळासाठी गोधडी केली तेव्हा मी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, ‘ग’, मोठ्या हौसेने सुलट काढलं. कापलं, सोललं, दाबलं, थंड होऊ दिलं आणि मग लांबून बघितलं. दांडा आधी आणि आकडा नंतर. भाची म्हणाली, “मावशी, आरशात बघताना बरोबर दिसेल त्याला.” बाळ आता चौथीत आहे आणि ती गोधडी अजून तोंडी लावायला निघते.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर एक सोय सांगते. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खं नाव एकाच तुकड्यात कापता येतं, सगळी अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी एका पट्टीला लटकलेली. रोमन अक्षरं एक एक कापून ओळीत बसवावी लागतात. आपल्याला फक्त वेलांट्या आणि मात्रा जपायच्या. त्या अर्ध्या इंचापेक्षा बारीक कापल्या तर टीप मारायला जागाच उरत नाही.

तुकड्यांना क्रमांक द्या, सगळ्यात खाली जाणाऱ्याला १. इथे देठ १, मोठी कोयरी २, लहान ३. जो तुकडा दुसऱ्याखाली जाणार त्याची ती कड पाव इंच वाढवून तुटक रेषेने काढा, म्हणजे देठाचं वरचं टोक कोयरीच्या पोटाखाली सरकेल. नुसतं टोकाला टोक लावलं तर मधून पाया डोकावतो.

पहिली इस्त्री

प्रत्येक आकार जाळीतून रेषेबाहेर पाव इंच सोडून ओबडधोबड कापा. रेषेवर आत्ता कापायचं नाही. हे दर वेळी कोणीतरी कापतंच. आधी कापलं तर जाळी आणि कापड यांच्या कडा कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि जिथे गोंद कमी पडतो नेमकं तिथूनच टोक सुटतं.

मोठ्या कोयरीला आणखी एक काम. जाळीचा मधला भाग कापून टाका, रेषेच्या आत अर्धा इंच रुंदीचं कडं ठेवा. गोंद कडेलाच लागतो, पोटात नाही. सगळीकडे ठेवला तर तीन थर चढल्यावर खोळ पुठ्ठ्यासारखी होते. गोधडीत तर हे फारच जाणवतं, झोपताना गालाला लागतं. आणि कापून निघालेला मधला तुकडा टाकू नका, लहान कोयरी त्यातच बसते. तीन तुकड्यांना लागणारी जाळी अशी जवळजवळ दोनांच्याच मापात भागते. जाळी महाग आहे, म्हणून मी हे उगाच खुशीत सांगते आहे.

इस्त्रीसाठी जमिनीवर जाड गादी किंवा दुलई नको. मऊ जागेवर दाब मुरतो आणि गोंद धरत नाही. टेबलावर सुती चादरीच्या तीन-चार घड्या पुरेत, त्यावर बेकिंगचा कागद. कापड उलटी बाजू वर करून पसरा, त्यावर जाळी, कागद वर. जाळीचा कुठलाही भाग कापडाबाहेर येऊ देऊ नका.

उष्णता किती, हे पाकिटावरच्या सूचनेवरून ठरवा, कारण प्रत्येक जाळीचं वेगळं. काहींना २ सेकंद कोरडी इस्त्री पुरते, काहींना शेवटच्या वेळी वर ओलं फडकं ठेवून १० सेकंद दाबावं लागतं. सूचनेचा कागद हरवला असेल तर चकती ‘सिल्क’ आणि ‘वूल’च्या मध्ये ठेवून चिंधीवर करून बघा. खरं तर कागद हरवला नसेल तरी आधी चिंधीवरच करा, त्याच कापडाच्या.

इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. कपड्यांना इस्त्री करायची सवय असते, हात आपोआप सरकतो आणि गोंद मऊ असताना तुकडा वाकडा होतो. वाफेची इस्त्री असेल तर वाफ बंद. तिच्या तळाला भोकं असतात, भोकांखाली दाब पडत नाही. म्हणून एकदा उचलून थोडी बाजूला ठेवून परत दाबा.

“जास्त वेळ ठेवली तर जास्त घट्ट बसेल ना?” हा प्रश्न ठरलेला. नाही. हा गोंद उष्णतेने वितळतो, दोऱ्यांत शिरतो आणि थंड झाला की धरतो. प्रमाणाबाहेर तापवला तर तो पातळ होऊन कापडातून आरपार जातो, वरच्या अंगाला तेलकट डाग दिसतात आणि जिथे हवा तिथे काही उरत नाही. एकदा असा जळका गोंद इस्त्रीला लागला की तो पुढच्या पांढऱ्या शर्टावर उतरतो, मग घरात जे काही ऐकून घ्यावं लागतं ते मी इथे लिहीत नाही. साधा लोखंडी तळ असेल तर जुन्या सुती कापडावर मीठ पसरून गरम इस्त्री त्यावर फिरवा, चिकट निघून जातं. नॉनस्टिक तळाला मीठ लावू नका, ओरखडे पडतात.

कापायचं, मग सोलायचं

तुकडा पंख्याखाली ठेवून पूर्ण थंड होऊ द्या. आता रेषेवर कापा. कात्री जागच्या जागी ठेवायची आणि डाव्या हाताने कापड फिरवायचं. टोकाकडच्या पात्याने टुकटुक कापलं की वळशाला पायऱ्या पडतात. पात्याच्या मुळाशी कापड घेऊन लांब, सलग काप द्या. चोचीच्या आतल्या कोपऱ्यात मात्र दोन्ही बाजूंनी येऊन थांबा.

कागद सोलणं हा नव्या माणसाला सगळ्यात चिडवणारा भाग आहे. कडेला नख घालून सोलायला जातात, कड कुस्करते, धागे निघतात, तरी कागद हलत नाही. त्यापेक्षा टाचणी घ्या आणि कागदाच्या मधोमध हलक्या हाताने एक रेघ ओढा, गुणाकाराचं चिन्ह काढलं तरी चालेल. कागद फाटला पाहिजे, कापड नाही. मग त्या रेघेवर तुकडा किंचित वाकवा. फट पडते, कागदाचं टोक वर येतं, ते धरून मधून कडेकडे सोला. मोठ्या कोयरीच्या पोटातला गोंद आपण काढलाय, तिथे तर कडं सहज सुटतं. लहानपणी शाळेत तळहातावर फेव्हिकॉल वाळवून सोलायचो, त्याच मजेने निघतो. खाली कापडाची पाठ चकचकीत दिसली पाहिजे. ती मळकट, कोरडी दिसली आणि चमक कागदावर गेली असेल तर तुकडा गरम होता. कागद परत लावून दाबा आणि या वेळी चहा पिऊन या.

मांडणी आणि दुसरी इस्त्री

पायाच्या कापडाची चौपदरी घडी घालून दाबा, मध्य सापडतो. आकार आधी बेकिंगच्या कागदावरच रचा: देठ, त्यावर कोयरी, त्यावर लहान कोयरी. हलकी इस्त्री दिली की तिन्ही एकमेकांना धरतात आणि थंड झाल्यावर अख्खी कोयरी एक तुकडा म्हणून कागदावरून उचलता येते. जागा बदलायची असेल तर तीन तुकडे सांभाळावे लागत नाहीत. मूळ चित्र कागदाखाली ठेवलं तर नेमकं कुठे काय बसतंय तेही दिसतं.

फिक्या रंगाखाली गडद पाया असेल तर आत्ताच बघून घ्या. पिवळ्या टू बाय टूखालून जांभळं सरळ दिसतं. पिवळ्याच्या पाठीला पांढऱ्या पातळ सुती कापडाचा थर द्यावा लागतो, आणि तो कापायच्या आधी द्यायचा असतो. मी लाल मांजरपाटावर पांढरी बदकं केली होती. गुलाबी झाली.

समाधान झालं की पायावर ठेवा, सूचनेप्रमाणे पूर्ण वेळ दाबा, मध्यापासून बाहेर. मग उलटं करून मागूनही एकदा. थंड झाल्यावर कडेला नख घालून बघा. उठली तर पुन्हा दाबा. टीप मारताना दुरुस्त होईल असं म्हणू नका.

कडेची टीप

घरात काळं पायमशीन असेल तर निराश होऊ नका. त्यावर झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाका, होत नाही, पण साधी टीप उत्तम होते. कडेपासून २ मिलिमीटर आत, बारीक टाक्याने, सगळीकडून एक फेरी. धुतल्यावर कड टिपेपर्यंत थोडी विसकटते आणि छान जुनी दिसते. मला तीच जास्त आवडते. ज्यांना कड झाकलेलीच हवी त्यांनी झिगझॅगकडे जावं.

झिगझॅगला सुई ११ नंबरची, नवी. रुंदी २.५ ते ३ मिलिमीटर. टाक्यांमधलं अंतर सुरुवातीला १ ते १.५. टाके अगदी चिकटून आले, ०.४ च्या आसपास, की भरीव रेघ होते, पण त्यात हात थरथरला तर लगेच दिसतो. पहिल्या कोयरीला उघडा झिगझॅगच बरा. सुईची उजवी उडी कोयरीच्या अगदी बाहेर, पायाच्या कापडात पडली पाहिजे आणि डावी कोयरीवर. कापड बोगद्यासारखं गोळा व्हायला लागलं तर खाली साधा पातळ कोरा कागद ठेवा आणि शिवून झाल्यावर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

वळशावर काय करायचं हे एकदा हाताला कळलं की विसरत नाही. बाहेर फुगलेल्या वळशावर सुई बाहेर, पायाच्या कापडात असताना थांबा, मशीनचा कापड दाबणारा फूट उचला, कापड थोडं फिरवा. चोचीखालच्या आत गेलेल्या वळशावर सुई आत, कोयरीवर असताना थांबून फिरवा. उलट केलंत तर टाक्यांमध्ये पाचरीसारख्या फटी पडतात. टोकाशी पोचलात की रुंदी कमी करत न्या, टोकावर सुई खाली ठेवून कापड फिरवा आणि परत वाढवा.

हाताने करायचं असेल तर अँकरच्या सहा पदरी लडीतले दोन पदर घ्या आणि काजटाका घाला, टाक्यांमध्ये पाव इंचापेक्षा थोडं कमी अंतर. गोंदामुळे सुई जड जाते. तिन्ही थर एकावर एक आलेत तिथे अंगुस्तान लागतंच. मशीनची सुई चिकट वाटली तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

गोधडीत घालताना

खोळ झाली की पुढची पायरी गोधडीची. क्रम असा: आधी वरच्या थरावर सगळं अ‍ॅप्लिक, कडेच्या टिपेसकट; मग खाली अस्तर, मध्ये भरण, वर हा थर. भरणाला वॅडिंगची शीट घ्या किंवा आत्यासारख्या जुन्या सुती साड्यांच्या घड्या. तिन्ही थर जमिनीवर ताणून सेफ्टी पिना लावा, मध्यापासून बाहेरच्या दिशेने, वीतभर अंतराने. वॅडिंग पॉलिएस्टरची असेल तर यापुढे गरम इस्त्री बंद, ती वितळून चपटी होते.

धावदोरा कोयरीवरून नको, तिच्या भोवतीने, कडेपासून पाव इंचावर एक फेरी. गोंदाच्या थरांतून हाताची सुई ढकलत बसलात तर बोटं भरून येतील. भोवतीच्या फेरीने कोयरी आपोआप उठून दिसते. त्याच फेऱ्या पाऊण-पाऊण इंचावर वाढवत नेल्या की गोधडी भरते.

धुताना गार पाणी, उलटी करून, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. इस्त्री लागलीच तर मागून.

उरलेली जाळी गुंडाळी करून ठेवा, घडी नको. मी एकदा एप्रिलमध्ये घडी घालून स्कूटरच्या डिकीत टाकली आणि तीन दिवस विसरले. कागद एकीकडे आणि गोंद एकीकडे झाला. पाठीला गोंद लागलेल्या कापडाच्या चिंध्याही टाकू नका, कागद न सोलता बिस्किटाच्या डब्यात जमवा; ठिपके, पाकळ्या, पक्ष्यांचे डोळे त्यातूनच निघतात. फक्त प्रत्येकीच्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा कुठल्या जाळीची आहे ते. माझ्या डब्यात तीन प्रकारच्या आहेत आणि आता कुठलीला किती सेकंद, ते परत चिंधीवर बघायला लागतं.